दुसरी ओळ

लोसालीने नावाच्या बाई आमच्या शाळेत आल्या त्या ऑकलंडहून. आई-बाप आमच्याच बेटाचे, पण बाई जन्मल्या-वाढल्या तिकडे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना शाळेनंतर काय करायचं ते ठरवायला मदत करणं, हे त्यांचं काम. मी पालू, शाळेचा कारकून. पहिल्याच दिवशी मी चारचौघांत म्हणालो होतो, ही बाई वर्षभर टिकली तर मिशी काढीन. अकरा वर्षं झाली. मिशी वाचवायची म्हणून मी तो विषय पुन्हा काढला नाही.

बाईंना एकच वेड. कोणी काही ठरवलं म्हणून सांगितलं की लगेच, "आणि ते जमलं नाही तर?" त्यांचा भाऊ रग्बीत नाव काढायला निघाला होता. एकविसाव्या वर्षी गुडघा गेला, आणि दुसरं काही ठरवलेलंच नव्हतं, म्हणून माणूस घरात बसून संपला. तेव्हापासून बाईंनी धसका घेतलेला. मुलांना त्या एक पिवळा कागद द्यायच्या. त्यावर दोन ओळी. पहिली, मला काय करायचंय. दुसरी, ते फसलं तर काय.

पहिल्या ओळीसाठी बाई जिवाचं रान करायच्या. पत्रं स्वतः लिहायच्या, फोन करकरून समोरच्याला जेरीस आणायच्या, वेळ पडली तर उलट्या करत का होईना, बोटीनं राजधानीला जायच्या. माझं काम पाकिटावर शिक्का मारून ते बोटीवर चढवायचं, एवढंच; कोणाला, कशासाठी, ते मी बघायचो नाही. पिवळे कागद मग कपाटात.

"पालू, आजवर एकाही पोराचं पहिलं फसलं नाही," असं त्या दर वर्षी म्हणायच्या. मी मान हलवायचो. मला वाटायचं, बाई स्वतःचीच समजूत घालतायत.

त्या गुरुवारी सकाळी लुसेआनेची थोरली आत्या शाळेत आली. लुसेआने म्हणजे आमच्याकडची सगळ्यात हुशार पोरगी, आणि कालिसी आत्या म्हणजे त्या घरातला शेवटचा शब्द, बापाच्याही वरचा. आमच्याकडे मान द्यायला बांधतात तशी कमरेला ठेवणीतली चटई गुंडाळून आली होती. सोबत भाजलेल्या नीरफणसांची टोपली.

"बाई, तुमचे उपकार झाले. पोरीला राजधानीतल्या गेस्टहाऊसात कामाला लावलंत. दोनच्या बोटीनं जातेय."

"उपकार कसले? तिनंच मागितलं होतं."

आत्या जरा घुटमळली. "एक विचारू का? रागावू नका. पोरीचे मार्क कमी पडले का हो?"

"कमी? कालिसीताई, बेटावर पहिली आलीय ती."

"मग डॉक्टरकीला का नाही म्हणाले?"

"कोण नाही म्हणाले?"

"राजधानीवाले."

बाई हसल्या. "अहो, मी त्यांना विचारलंच नाही. डॉक्टरकी तिनं दुसऱ्या ओळीत लिहिली होती. पहिलं जमलं ना, मग दुसरं कशाला काढायचं?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. माझ्या हातातला शिक्का तसाच हातात राहिला.

"बाई," आत्या अगदी हळू म्हणाली, "तुम्ही आम्हाला जेवायला बोलावलंत. ताट पुढं सरकवलंत. तर मोठा मासा पहिल्यांदा कोण उचलतं?"

"कोणीच नाही."

"मग पोरीनं तरी कसा उचलावा? तिनं बारका उचलला. मोठा दुसऱ्या ओळीत ठेवला, तुम्ही आग्रह कराल म्हणून."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या माझ्याकडे वळल्या. "पालू, तुम्हाला हे माहीत होतं?"

"कोणाला माहीत नाही, बाई?" मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मला कळलं की बाईंना माहीत नव्हतं. "मला वाटायचं, तुम्ही दुसऱ्या ओळीसाठी लिहिता, राजधानी नाही म्हणते, आणि मग बिचाऱ्या पोरांना पहिलंच गोड मानून घ्यावं लागतं. अख्खं बेट हेच समजतंय."

"आणि अकरा वर्षांत मला एकानंही विचारलं नाही?"

"नाही म्हटल्यावर पुन्हा काय विचारायचं? लाज वाटते."

बाई खाली बसल्या. खुर्ची बाजूला होती, त्या जमिनीवर बसल्या. "मला वाटायचं, पोरांचे पाय किती जमिनीवर आहेत. फळं तोडायला जातो म्हणतात, बर्फाच्या कारखान्यात जातो म्हणतात. आणि दुसऱ्या ओळीत गंमत करतात."

त्यांनी कपाट उघडलं. एकेक पिवळा कागद काढून त्या फक्त दुसरी ओळ वाचत गेल्या. वकील. जहाजावर इंजिनियर. शाळेत गणित शिकवायचंय. एका कागदावर त्या थांबल्या आणि तो त्यांनी मला दिला. विलिसोनी, माझा थोरला. पहिल्या ओळीत फळबाग. दुसरीत, विमानं दुरुस्त करायला शिकायचंय. सात वर्षं तो ऑस्ट्रेलियात आलुबुखार तोडतोय. मीच त्याला सांगितलं होतं, राजधानी नाही म्हणतेय, सोड नाद.  राजधानीनं नाही कुठून म्हणावं, तिला कोणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरकीच्या अर्जांची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, आणि तिथं सहीशिक्क्याचा कागद प्रत्यक्ष नेऊन द्यावा लागतो. बोट दोनला. मी धावत जाऊन लुसेआनेला आणलं. बाईंनी तिच्यापुढे कोरा पिवळा कागद ठेवला. "पोरी, तुला खरंच जे हवंय ते पहिल्या ओळीत लिही. वेळ नाही आपल्याकडे."

लुसेआनेनं आत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खाली मान घातली आणि पहिल्या ओळीत लिहिलं, गेस्टहाऊस.

 बाईंनी माझ्या टेबलावरची कात्री घेतली, पहिली ओळ कापून खिशात टाकली आणि उरलेला कागद तिच्यापुढे सरकवला. आता एकच ओळ होती. पोरीनं लिहिलं, डॉक्टरकी.

शिफारसपत्र बाईंनी तिथंच जमिनीवर बसून लिहिलं. मी शिक्का मारला, तो मेला पहिल्यांदा उलटाच लागला, पुन्हा मारला. गेस्टहाऊससाठी बांधलेली पेटी घेऊन पोरगी बोटीवर चढली आणि उतरल्यावर पाकीट स्वतः नेऊन दिलं. तिला जागा मिळाली, ते पुढं महिनाभरानं कळलं.

त्या दिवशी मात्र बोट गेल्यावर बाई माझ्या टेबलाशी आल्या. "विलिसोनीचा नंबर द्या."

फोनवर त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. बाईंनी फिरवून-फिरवून सांगितलं नाही. चूक माझी, म्हणाल्या. तुझं पत्र मी कधी पाठवलंच नाही. अजून शिकायचंय का?

 तो हसला. "छे हो बाई, ते मी उगाच गंमत म्हणून लिहिलं होतं. इथं बरं चाललंय माझं. बाबांचे गुडघे काय म्हणतायत?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाईंनी एक कोरा पिवळा कागद घेतला, पहिली ओळ कापली, आणि फोन कानाला तसाच धरून म्हणाल्या, "तुझी जन्मतारीख सांग."