छावणीत पाणी थुंकणारा माणूस

दुष्काळातली ती केस मी आजही विसरलेलो नाही. पोलिसाच्या नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण इतका कधी घाबरलो नव्हतो.

चकलांब्याकडची एक बाई नवऱ्यासोबत ठाण्यात आली. गावच्या दूध सोसायटीत काम करणारा तिचा धाकटा भाऊ बेपत्ता होता. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी होत्या, बीडला डायलिसिस चालू होतं. ही त्याला स्वतःची किडनी देणार होती. तपासण्या जुळल्या होत्या, ऑपरेशन तोंडावर आलं होतं.

"डायलिसिस चुकलं तर अंगात पानी भरतंय, सायेब. पानीबी घोटभरच देतो त्याला. तहान लागली की नुस्ती चूळ भरून थुकतोय," ती म्हणाली.

मी तो बेपत्ता असल्याची तक्रार नोंदवली, आसपासच्या ठाण्यांना कळवलं. दिवसभर फोन वाजला की दचकत होतो.

किडनी द्यायला तिच्या नवऱ्याचा विरोध होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याला एकट्याला आत घेतलं. गुन्हेगार आणि घाबरलेला माणूस सुरुवातीला सारखेच दिसतात. अशा वेळी दरडावण्यापेक्षा गप्प बसावं. मी गप्प बसलो, तर हा उंचापुरा गडी रडायलाच लागला.

"म्या काय केलं न्हाई त्याला. फकस्त म्हनलो, तुझ्या ताईला टेबलावर काय झालं तर माझी लेकरं उघडी पडतील. तवापासून त्यो घरी आलाच न्हाई."

पळण्याचं कारण कळलं, पत्ता मात्र नव्हता. दुसऱ्या दिवशी दिंद्रुडकडच्या एका जमादाराला फोन केला, तर तो आपलंच रडगाणं सांगू लागला. "इथं चारा छावणीत पाण्यावरून भांडणं चाललीत, साहेब. एक येडा टँकरचं पाणी तोंडात घेतो अन् थुंकून देतो. लोक मारायला उठलेत."

"त्याला कुणी हात लावायचा नाही! मी निघालोच," मी ओरडलो.

तो दावणीशेजारी बसला होता. अंगात पाणी भरून तोंड सुजलेलं, धाप लागलेली. "ताईला सांगू नका," एवढंच म्हणाला. जीपमध्ये त्याची शुद्ध हरपली; बीडपर्यंत मी त्याच्या छातीकडे बघत होतो, हलतेय की नाही. देवाचा धावा करत होतो, खोटं कशाला सांगू.

डायलिसिस होऊन तो शुद्धीवर आला, तेव्हा बहिणीने खाटेशी उभं राहून भावाला आणि नवऱ्याला दोघांनाही फैलावर घेतलं.

"तुमी दोघं माझ्यापायी भ्यालात, पर मला इचारलं का कुनी? मलाबी भ्या वाटतंय, लई वाटतंय. पर ते माझं हाय. माझ्या वतीनं कुनी पळायचं न्हाई."

ऑपरेशनच्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. आत जाताना ती दारात थबकली. नवऱ्याने सोबत येऊ का विचारलं, तर मानेनेच नको म्हणाली आणि एकटी आत गेली.

बहीण-भाऊ दोघंही वाचली. वर्दीतली इतकी वर्षं मी समजत होतो की धीट माणसाला भीती वाटत नाही. ती बाई त्या दारातून आत गेली तेव्हा मी पुन्हा देवाचा धावा करत होतो, आणि मला तर नुसतं बाहेर थांबायचं होतं.