डाव्या खिशातला चाकू

काशीराम मांडवकर म्हणजे आमच्या वाडीतले काशीरामदादा. बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढून, खलाशाचे सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होऊन, तीन वर्षांपूर्वी ते कायमचे घरी आले. तोवर वाडीला ते पाहुण्यासारखेच माहीत. वर्षातून दीड-दोन महिने यायचे, सगळ्यांना साबणाच्या वड्या नि चॉकलेटं वाटायचे आणि पुन्हा जायचे. मुलगा विनोद विरारला, त्याचं बिऱ्हाड तिथेच. घरात दादा आणि मथुरावैनी, दोघंच.

आमची वाडी लांज्यापासून बरीच आत. माझी पिठाची गिरण दादांच्या घराच्या खालच्या अंगाला. घरी आल्यापासून ते रोज सकाळी गिरणीच्या बाकड्यावर येऊन बसत आणि बघत राहत. कोण कुठे चाललं, कोणाच्या पिशवीत काय आहे, आपण आल्यावर कोणाचं बोलणं थांबलं. सारंगाला म्हणे जहाजावर सगळ्यांवर नजर ठेवावी लागते. जहाज सुटलं, नजर तेवढी राहिली.

"मी आलो की बायका गप्प होतात," ते एकदा म्हणाले. "का रे अनिल?"

"तुम्ही मोठे, म्हणून."

त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी उगाचच गिरणीचा पट्टा तपासायला उठलो.

त्यांच्याकडे एक चाकू होता. कुठल्याशा बंदरावर घेतलेला, मूठ काळी, लांबीला वीतभरही नाही. बंद असला की पातं मुठीत गेलेलं. पात्याच्या एका बाजूला छोटा खिळा होता. दादा उजव्या हातात मूठ धरून नुसत्या अंगठ्याने तो खिळा वर रेटायचे की पातं खट् करून उघडायचं. डावा हात लावावाच लागत नसे.

"शिडीवर लटकलेला माणूस," ते सांगत, "डाव्या हाताने दोर धरलेला. चाकू उघडायला आणखी एक हात कुठून आणणार?"

उघडलं की मुठीतली एक पोलादी पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी बसायची. मग कितीही जोर लावा, पातं बोटांवर मिटणार नाही. मिटायचं असेल तर त्याच अंगठ्याने पट्टी बाजूला ढकलायची, पातं जरासं वाकवायचं, अंगठा काढून घ्यायचा आणि मग पुरतं बंद करायचं. खिशाला अडकवायची चिमटीसुद्धा अशी की उजव्या खिशात हात घातला की चाकू बरोबर हातात यायचा. हे सगळं दादांनी मला दहा वेळा दाखवलं असेल. मला मात्र चाकू हातात घेऊ दिला नाही.

गेल्या श्रावणात एका सकाळी ते आले ते बसलेच नाहीत.

"माझा चाकू कोणीतरी वापरतंय."

"कशावरून?"

"दुपारी निजताना पँट खुंटीला लावतो. चाकू उजव्या खिशात. काल उठून बघतो तर डाव्या खिशात."

"तुम्हीच चुकून ठेवला असेल."

"बत्तीस वर्षांत चुकला नाही हा हात."

बोलण्यासारखं माझ्याकडे होतं, पण ते मी सांगायचं नव्हतं.

चार दिवसांनी त्यांनी चाकू माझ्या नाकापुढे धरला. "वास घे." खोबरेल तेलाचा वास होता. दादा शिलाई मशीनचं तेल घालत. कोणीतरी चाकू वापरून, धुऊन, पुसून, खोबरेल लावून परत ठेवला होता. चोर चाकू नेतो, हा परत आणून ठेवत होता, याचा दादांना जास्त राग. आणि त्याच आठवड्यात त्यांना दगडी गडग्याजवळच्या हापूसच्या फांद्यांची टोकं कापलेली दिसली. सात-आठ काड्या, तिरक्या, एका घावात, साल कुठे फाटलेली नाही.

गडग्याच्या पलीकडे भागोजीचं घर. भागोजी त्यांचा चुलतभाऊ. दादा गडग्यावर जाऊन उभे राहिले.

"भागोजी! माझ्या आंब्याच्या काड्या कोणी नेल्या?"

भागोजी गोठ्यातून बाहेर आला. त्याने आधी दादांकडे बघितलं, मग त्यांच्या मागे अंगणात तांदूळ पाखडत बसलेल्या मथुरावैनीकडे. "माजा हात नाय लागला तुज्या आंब्याला," तो म्हणाला. "देवाशपत."

"मग कोणाचा लागला?"

"ता मी कसा सांगू?"

दादांनी त्याची ती नजर पकडली होती. मला येऊन म्हणाले, "त्याने माझ्या मागे कोणाकडे बघितलं? मागे कोण होतं?" दुसऱ्या दिवशी सुटे पैसे देताना त्यांनी माझा हात उलटा करून बोटं बघितली. आंब्याचा चीक लागलाय का ते. मला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

त्याच सुमारास मथुरावैनीच्या डाव्या अंगठ्याला चिंधी आली. विळीवर कापला, तिने सांगितलं. दादांनी मला तेही सांगितलं, आणि सांगताना विळी हा शब्द दोनदा उच्चारला.

मग एक दिवस ते दाढ दाखवायला लांज्याला जातो म्हणून सकाळच्या एसटीने निघाले. अंगात दुसरी पँट. चाकूवाली मुद्दाम खुंटीला ठेवलेली. अर्ध्या तासाने पाहतो तर गिरणीच्या दारात उभे, पाय चिखलाने माखलेले. पुढच्याच थांब्यावर उतरून व्हाळाच्या, ओढ्याकाठच्या वाटेने परत आले होते.

"गिरण बंद कर. मला साक्षीदार पाहिजे."

"दादा, दळणं पडलीत."

त्यांनी माझं मनगट धरलं. वैनीला फोन करावा म्हटलं तर तोच हात त्यांच्या मुठीत.

आधी ते घरात गेले. खुंटीवरच्या पँटीचे दोन्ही खिसे रिकामे, वैनी घरात नाही. दादांचा चेहरा असा झाला की त्यांच्या डोक्यात काय काय येऊन गेलं असेल, ते मला आजही मनात आणवत नाही. मागल्या दाराने आम्ही गडग्यापर्यंत गेलो. पलीकडून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. दादा वाकले. मीही वाकलो.

भागोजीच्या मागल्या पडवीत निळी ताडपत्री बांधलेली. मातीच्या काळ्या पिशव्यांची रांग, प्रत्येकीत कोयीपासून उगवलेलं रायवळ आंब्याचं रोप. भागोजीची बायको मालन पाणी घालत होती, आणखी दोघी पिशव्या पुढे सरकवत होत्या. मधे मांडी घालून मथुरावैनी. रोपाचा शेंडा उडवला, उरलेल्या खोडाला मधोमध चीर दिली, हापूसची काडी पाचरीसारखी तासली, चिरेत बसवली, प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधली. दुसरं रोप. तिसरं. नजर वर न करता. आणि चाकू तिच्या डाव्या हातात.

दादा हलले नाहीत. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

पिशव्या संपल्या तशी तिने चाकू मिटायला घेतला. डाव्या हाताने ती पोलादी पट्टी अंगठ्याने ढकलता येत नाही, कारण अंगठा भलत्याच बाजूला येतो. ती तर्जनीने ढकलत होती, आणि अंगठा सरळ पात्याच्या वाटेत.

"मथुरा, अंगठा! अंगठा काढ!" दादा गडग्यावरून ओरडले.

ती दचकली. चाकू मातीत पडला. अंगठा वाचला. मालनच्या हातातला तांब्या सुटला.

दादा गडगा ओलांडून पलीकडे उतरले. चाकू उचलला, पँटीला पुसला, उजव्या अंगठ्याने मिटला. मग म्हणाले, "डावा?"

"लहानपनापास्नं," वैनी म्हणाली. "तुमच्या आयेने पयल्याच दिवशी माज्या हातातनं पळी काडून घेतलीन. वाडायला, देवाला, पावन्यांपुडं, सगला उजव्याने शिकले. ह्या कामाला उजवा चालत नाय."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुमी व्हतात कदी?"

भांडायचा सूर नव्हता. तिने साधं विचारलं होतं.

बाकीचं तिथेच, त्या पिशव्यांमध्ये उभ्या उभ्या निघालं. विनोद चौथीत असताना ती माहेराहून कलम बांधायला शिकून आली होती. दादांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले होते, आपल्या घरातली बाई लोकांच्या परड्यात कामाला जाणार नाही. तिने बरं म्हटलं. मग पुन्हा कधी विषय काढला नाही, आणि काम सोडलंही नाही. दादा घरी असले की ते दुपारी निजल्यावर जायची. पूर्वी दाढीच्या ब्लेडने करायची, त्याने साल फाटते. या चाकूची धार बघितली आणि तिला राहवलं नाही.

"म्हणजे भागोजीला माहीत," दादा म्हणाले. "मालनला माहीत." मग माझ्याकडे वळले. "तुला?"

"हो दादा."

माझ्या परसातले दोन हापूस तिनेच बांधलेले. त्यांचे आंबे दादांनी माझ्याच बाकड्यावर बसून खाल्ले होते.

त्यानंतर आठ दिवस ते गिरणीवर आले नाहीत. वैनी दळण घेऊन आली तेव्हा म्हणाली, "घरातल्या पेट्या उगडून एकेक वस्तू इचारतात. ह्या कुटनं आनलंस, त्या कोनी दिलान. विनोदला फोन केलानी, तुला म्हायती व्हता काय म्हणून." विनोदलाही माहीत होतं. सगळी वाडी आपल्यापासून काहीतरी लपवते, हा दादांचा संशय तीन वर्षं खरा होता. आम्ही मात्र तो माणूस वाकड्या मनाचा आहे असं म्हणत आलो होतो. मी ते कबूल करायला घरी गेलो, तर ते मागल्या दाराने परसात निघून गेले.

नवव्या दिवशी आले. त्यांच्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती.

"डाव्या हाताने करून बघितलं," ते बाकड्यावर टेकत म्हणाले. "खिळा अंगठ्याला लागतच नाही, पलीकडे राहतो. दोन हातांनी उघडावा लागतो. आणि मिटताना हे असं." त्यांनी पट्टी दाखवली. "तिने याने शेकड्यांनी कलमं बांधलीत, अनिल."

"डावखुऱ्यांचा वेगळा मिळतो म्हणे. विनोदला मागवायला सांगा."

"सांगितलंय." मग म्हणाले, "तुम्ही सगळे मला हसत होतात काय रे?"

"नाही दादा. घाबरत होतो."

ते त्यांना पटलं की नाही, कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

नवा चाकू यायला वेळ लागला. तोवर हंगाम थांबणार नव्हता, म्हणून वेगळी सोय झाली. काड्या घेऊन मी भागोजीच्या पडवीत गेलो तेव्हा ती पाहिली. दादा वैनीच्या उजवीकडे पाटावर बसलेले. चाकू खट् करून उघडायचे, मूठ तिच्या पुढे करायचे. ती डाव्या हाताने घ्यायची, चीर, पाचर, आणि बांधायला दोन्ही हात लागले की चाकू परत त्यांच्या हातात. ते तो मिटून मांडीवर ठेवायचे. भागोजीशी त्यांचं अजून बोलणं नव्हतं, पण त्याच्या घरचा चहा त्यांच्या पुढ्यात होता.

"भागोजीच्या परड्यात पहिलं कलम कुठल्या वर्षी बांधलंस?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

वैनीने पुढचं रोप ओढलं आणि हात पुढे केला. "उगडा," ती म्हणाली.