वसुधाताईंचा बिस्किटांचा डबा

वसुधाताई गेल्याची बातमी मला आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या मेसेजमधून कळली, याचा राग अजून गेलेला नाही. सोबत फोटो होता. मधोमध ते स्वतः, कडेला ताई, आणि ताईंच्या खांद्यावर त्यांचा हात. खाली लिहिलं होतं, 'आमचा आधारवड हरपला.' याच आधारवडाला त्यांनी भर सभेत खाली बसवलं होतं.

ताई ॲथलोनला राहायच्या, सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर होत्या. आयर्लंडचं नागरिकत्व मिळाल्यावर पहिल्यांदा सार्वमताला मत देऊन आल्या आणि त्यांना घटनेचं वेडच लागलं. दर रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये त्या आमच्या मुलांचा वर्ग घ्यायला लागल्या. भारताच्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडच्या घटनेवरून घेतलीत, हे मला चाळिशीत कळलं, तेही मुलीच्या शेजारी बसून. आपल्याकडे दुरुस्ती संसद करते, इथे एक शब्द बदलायचा तरी लोकांना विचारावं लागतं. ते कळावं म्हणून ताईंनी बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडली. मुलं चिठ्ठीवर हो किंवा नाही लिहून आत टाकायची. "मावशी, व्हॉट इफ एव्हरीवन सेज नो?" माझ्या मुलीने विचारलं. "मग जुनंच राहतं. पंतप्रधानांनी कितीही आदळआपट केली तरी."

मंडळाच्या घटनेप्रमाणे अध्यक्षाला दोन वर्षांनी पायउतार व्हावं लागे. ते कलम समितीतल्या चौघांनी जेवता जेवता काढून टाकलं. ताई सभेत उभ्या राहिल्या. "देशाची घटना बदलायला इथे गावोगाव मतदान होतं. आपली कोणाला विचारून बदललीत?" अध्यक्ष हसले. "मॅडम, हे मंडळ आहे, देश नाही. बसा बघू." मग बदल मान्य असणाऱ्यांना त्यांनी हात वर करायला सांगितले. अर्ध्या लोकांना नोकऱ्या त्यांच्याच ओळखीने लागलेल्या... हात वर न करणाऱ्या आम्ही दोघीच. पुढच्या रविवारपासून वर्गाला हॉल मिळेना. ताईंनी मुलांना स्वतःच्या घरी बोलावलं.

पुढे ताईच आजारी पडल्या. हॉस्पिटलात शेवटचं भेटले तेव्हा त्यांना बोलताना धाप लागत होती. "डबा घेऊन जा... आणि पुन्हा हात वर करून मत घेऊ देऊ नकोस."

ताई गेल्यानंतरच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी त्यांच्या नावाने पुरस्कार जाहीर केला. डोळेही पुसले. मी जुनं कलम परत आणायचा ठराव मांडला. ते म्हणाले, "हात वर करा." मी डबा टेबलावर ठेवला. "ताईंसाठी एवढं करताय, तर मत त्यांच्या पद्धतीने घेऊ." सगळ्यांदेखत त्यांना नाही म्हणता येईना. चिठ्ठी घेऊन तेही रांगेत उभे राहिले. ते दृश्य मी डोळे भरून पाहिलं. कलम परत आलं, त्यांचं अध्यक्षपद गेलं. "ताईंना हे आवडलं नसतं," निघताना ते म्हणाले. "त्यांना अगदी ग्रँड वाटलं असतं," मी म्हटलं. मला तर वाटलंच.

रविवारचा वर्ग आता मी घेते. मेसेजमधला तो फोटो मी छापून घेतला, त्यातून अध्यक्षांना कात्रीने कापून काढलं आणि उरलेल्या ताई डब्याच्या झाकणावर चिकटवल्या. ताईंच्या खांद्यावरची अध्यक्षांची बोटं मात्र कापता येईनात... मग फोटो असा लावला की झाकणाची चीर बरोबर त्या बोटांवर आली.