तीन-दहाला येणारा वॉल्ट

आमच्या गावात असं बोलतात की डोरीन पेल्की रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मेलेल्या माणसाशी गप्पा मारते. टपालकचेरीतल्या ल्युएलाबाई तर तिकीट चिकटवता चिकटवता सांगतात, "मी कुणाच्या भानगडीत पडत नाही हं, पण तिच्या खिडकीखालून जाताना ऐकलंय मी. ती बोलते आणि तो उत्तर देतो. पुरुषाचा आवाज! माझ्या ह्या कानांनी!"

तर गप्पा वगैरे काही नाहीत. मावशी त्याच्याशी चकार शब्द बोलत नाही, ती नुसती वाचते. खिडकीतून आलेले दोन्ही आवाज माझे होते; मावशी उठून गेली की मी तिची आणि त्याची नक्कल करायचे. वेळ तेवढी ल्युएलाबाईंनी बरोबर सांगितली.

डोरीन माझ्या आईची थोरली बहीण. आई कॉनकॉर्डच्या रुग्णालयात पाळीवर असते, म्हणून शाळा सुटली की मी मावशीकडे. तिचं वय एकसष्ट. शिकारीच्या मोसमात ती अंगणातल्या लाकडांपर्यंत जायलाही नारिंगी जाकीट घालते, कारण "हरणापेक्षा मी जाड आहे, चुकून लागायची शक्यता जास्त." होकार द्यायचा असेल तर श्वास आत ओढून "हंय" म्हणते, शब्द फुकट जाऊ नये म्हणून परत गिळल्यासारखा. मला तो हुबेहूब जमतो.

तिचं काम असं. एका मोठ्या यंत्राच्या, म्हणजे संगणकाच्या, पोटात दुसरी, मानलेली, नुसती प्रोग्रॅमने बनवलेली यंत्रं चालतात. मोठं तो यजमान, आतला तो पाहुणा. पाहुण्याला फाइल हवी असली की पूर्वी यजमान ती घासाघासाने भरवायचा. मावशीने आणि वॉल्ट ऑस्ट्रँडरने अशी सोय आखली की दोघांनी मेमरीचा एकच तुकडा बघायचा. यजमानाने तिथे मांडायचं, पाहुण्याने तिथेच वाचायचं. पाहुण्याला वाटतं, आपल्याकडे खरंच फोल्डर आहे. आणि ही सोय कुठल्याही कंपनीच्या यंत्रावर जशीच्या तशी चालली पाहिजे, त्यासाठी नियमांचं एक बाड. ते नऊ वर्षं चाललं. मावशी इथे न्यू हॅम्पशायरात, वॉल्ट मिनेसोटात. नऊ वर्षांत प्रत्यक्ष भेट दोनदा, फोन मात्र रोज. वॉल्टचा आवाज कोरडा, आणि दोन शब्दांच्या मध्ये एवढी जागा सोडायचा की तिथे गाडी लावता आली असती.

दोघांचं एकदाच कडाक्याचं भांडण झालं, पानावरून. मेमरी पानांनी मोजतात, आणि बहुतेक यंत्रांचं पान चार किलोबाइटचं असतं. वॉल्टचं म्हणणं, नियमात एक रकाना ठेवू. पाहुण्याने आधी विचारावं, बाबा रे, तुझं पान केवढं?

"चारचंच असतं रे," मावशी म्हणाली. "उगाच रकाने वाढवू नकोस."

"असं... म्हणतेस?" वॉल्ट म्हणाला. "बरं."

मावशीने रकाना खोडला. मार्चमध्ये घरासमोरचा बर्फ उपसताना वॉल्ट गेला.

सप्टेंबरात वॉल्टच्या मिनेसोटातल्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं. त्याचं पान निघालं चौसष्टचं. जुन्या यंत्रावरची सगळ्यांची खाती त्यावर हलवली, त्यात वॉल्टचंही गेलं, कारण मेलेल्याचं खातं बंद करायचं काम कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं. मावशीने तिथे आपला पाहुणा चालू केला आणि एक छोटी फाइल मागितली. फाइलीत एकच शब्द होता, 'चाचणी'. तो आला. खाली आणखी काही आलं.

'सूर्यफुलाचं बी, पक्ष्यांसाठी. गुडघा डॉक्टरला दाखवणे. चर्चच्या जेवणाला ओव्हनमधली हॉटडिश मी नेणार.'

मावशीने माउसवरचा हात तापलेल्या स्टोव्हवरून काढावा तसा काढला. "हे वॉल्टचं आहे," ती म्हणाली. घड्याळात तीन-दहा झाले होते.

कारण शोधायला तिला आठवडा लागला. वॉल्टने यंत्राला एक काम लावून ठेवलं होतं: रोज तीन-दहाला माझ्या टिपणवह्या चाळ आणि त्यांची यादी कर. तो गेला, पण ते काम चालूच राहिलं. वह्या चाळल्या जात, मेमरीत येऊन पडत. पाहुणा चार मागायचा, दोघांमधली खिडकी मात्र अख्ख्या चौसष्टच्या पानाची उघडायची, आणि उरलेल्या साठात जे पडलेलं असेल ते दिसायचं. वॉल्टला हवा होता तो रकाना असता, तर हे भोक राहिलंच नसतं.

कारण कळलं म्हणून अंगावरचा काटा काही बसला नाही. शाळेतून आले की मी मुकाट्याने तिच्या मागे उभी राहायचे. तीन-दहा. वॉल्टच्या पुतणीचा वाढदिवस. वॉल्टला आलेली खारींची चीड. मावशी ओळीवर बोट ठेवून वाचायची, आणि खोलीत तिसरं कुणीतरी शांतपणे बसलंय असं वाटायचं.

बाडावर शिक्का बसायची तारीख ठरली होती, शुक्रवार. नंतर वीसेक कंपन्या त्यावर आपापली यंत्रं उभी करणार, मग एक अक्षर हलत नाही. बाडाच्या समितीचा प्रमुख होता ऑरेगनचा किप सँडोव्हल, प्रत्येक शब्द रबरासारखा ताणणारा.

"डोऽरीन, हे फाऽर कोपऱ्यातलं प्रकरण आहे गं. चौसष्टची यंत्रं आहेत तरी किती?"

"एक आहे. त्यात वॉल्ट आहे."

किप म्हणाला, "आपण नंतर सुधारू नाऽ."

"शिक्का बसल्यावर? मग तूच म्हणशील, डोऽरीन, शिक्का बसलाय नाऽ." (त्याची नक्कल तिलाही येते, हे मला तेव्हा कळलं.) "उद्या हे एखाद्या रुग्णालयात लागेल, किप. एकाचे रिपोर्ट मागितले की खाली दुसऱ्याचे दिसतील."

"बरं बाई. शुक्रवारी चारपर्यंत. पण फाइलीखाली मला शून्यांशिवाय काही दिसता कामा नये."

बुधवारी, तीन-दहाला, पानाच्या अगदी तळाशी एक पत्र आलं. तारीख दोन वर्षांपूर्वीची.

'डोरीन, फोनवर जमत नाही म्हणून लिहितोय. आपण बोलायला लागून सात वर्षं झाली, आणि मी'

पान तिथे संपलं.

"मावशी! पुढचं पान दाखव ना! खिडकी एका आकड्याने तर वाढवायची!"

"हंय," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

गुरुवारी तेच पत्र, तिथेच तुटलेलं. तिने हळू आवाजात वाचलं, "...आणि मी." माझ्याच्याने राहवलं नाही. वॉल्टच्या आवाजात, मध्ये ऐसपैस जागा सोडून, मी ते पुरं केलं: "आणि मी... तुझ्या हातचे बीन्स... कधीच खाणार नाही."

मावशी हसली नाही. खुर्ची फिरवून तिने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "आत्ता नको," म्हणाली. मलाच माझ्या तोंडाची भीती वाटली.

शुक्रवारी पावणेतीनला पोचले तर रकाना बाडात परत बसलेला. पाहुणा आधी विचारणार, पान केवढं. यजमान उरलेली जागा शून्यांनी भरून मगच खिडकी उघडणार. चालू करायचंच तेवढं बाकी होतं.

"चारपर्यंत वेळ आहे," मी म्हटलं. "तीन-दहाला पत्र बघ, मग बंद कर. कुणाला कळणारे?"

"ते मला दिसलं गं. पाठवलेलं नाही."

"तुझं नाव आहे वर!"

"लिहिल्यावर दीड वर्ष आम्ही रोज बोलत होतो. पाठवायचं असतं तर पाठवलं असतं त्याने."

"बाता नको मारूस. तू बघणार. लाव पैज."

"कशावर?"

बाहेर दोन कॉर्ड, म्हणजे हिवाळ्याला पुरेल एवढा ढीगभर, ओकची लाकडं ट्रकने ओतली तशीच पडली होती. "हरले तर ती सगळी मी एकटी रचेन. जिंकले तर पुढचं पान मलाही वाचून दाखवायचं."

"हंय."

तीनला पाच कमी असताना तिने ते चालू केलं. मी शेवटपर्यंत म्हणत होते, हिने कुठेतरी एक प्रत ठेवलीच असणार. तीन-दहा झाले. 'चाचणी' आलं. खाली शून्यं. मावशीने पान सावकाश खाली सरकवत नेलं, ओळीवर बोट ठेवून, एकही शून्य गाळायचं नाही असं. जिथे पत्र यायचं तिथे बोट थांबलं, पुन्हा चालू लागलं, तळाला पोचलं. मग तिने किपला फोन केला, "शून्यं आहेत. मार शिक्का," आणि प्रयोगशाळेला लिहिलं की ऑस्ट्रँडर यांचं खातं बंद करा, वह्या त्यांच्या पुतणीला पाठवा.

प्रत नव्हती. तिची पाठ वळल्यावर मी शोधली.

आई रात्रपाळीला होती, म्हणून मी मावशीकडेच झोपले होते. शनिवारी सकाळी सात वाजता मावशीने हातमोजे माझ्या पांघरुणावर टाकले. "ऊठ. साल वरच्या बाजूला ठेव, नाहीतर पाणी मुरतं," म्हणाली, आणि नारिंगी जाकीट घालून पायरीवर कॉफी घेऊन बसली. दोन शनिवार लागले मला.