चंद्रनगरीवरची सावली

सकाळच्या गाडीने मुंबई सोडली तेव्हा माझ्या पिशवीत एक व्हिडिओ कॅसेट, प्रश्न लिहिलेले कागद आणि आईने बळेच दिलेली थालीपिठं होती. प्रश्न मी लिहूनच नेते. अनोळखी माणसासमोर मला ऐन वेळी काही सुचत नाही. त्या वर्षी एका छोट्या सिनेमा-मासिकासाठी मी जुन्या विज्ञानपटांतली ट्रिक दृश्यं करणाऱ्या कारागिरांना भेटत होते. मुंबईत दोघे भेटले. दोघांनीही सांगितलं की चंद्रावरचं शहर ज्यांनी बांधलं त्या नानांना आधी गाठ, ते आता सुरतेला असतात.

सुरत स्टेशनबाहेर गुजराती पाट्या जुळवत मी एका शटल रिक्षात चढले, ती नेमकी कडोदऱ्याची निघाली. मला उतरायचं होतं ते लिंबायत मागे राहिलं हे कळेपर्यंत दोन्हीकडे यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला होता. चुकले म्हटल्यावर रिक्षावाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही. “बेन, कुठंही उतरा, खातंच दिसणार,” तो हिंदीत म्हणाला. (खातं म्हणजे यंत्रमागाची शेड.) बाकीचे हसले. मी उतरून उलट रिक्षा धरली. वाटेतल्या खाडीचं पाणी मिलच्या रंगाने गर्द जांभळं होतं आणि काठावर एक म्हैस त्याच रंगाचे पाय घेऊन उभी होती.

नानांचं घर गल्लीच्या टोकाला होतं, दोन खोल्यांचं. नाना खानदेशातले. मुंबईच्या स्टुडिओत पुष्कळ वर्षं काढून सुरतेला आले. इथे पलसाण्याच्या एका मिलमध्ये साड्यांच्या छपाईसाठी नक्षी उतरवून द्यायचं काम केलं. आता ते घरीच असत आणि बोलताना मधेच खोकत. मी चंद्रनगरीच्या सिनेमाची कॅसेट आणणार हे पत्रातून कळल्यावर त्यांनी आदल्या दिवशीच भाड्याचा व्हीसीआर आणून ठेवला होता. आतल्या दारात त्यांच्या धाकट्या भावाची विधवा, सुमनबाई, साड्यांच्या उलट बाजूचे लोंबते धागे कापत बसल्या होत्या. त्यांचा मुलगा हजीऱ्याला कामावर, तिकडेच बिऱ्हाड करून होता. मला पाणी देताना त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मला वाटलं माझ्यामुळे. मग लक्षात आलं, नानांमुळे. नाना त्यांचे जेठ, म्हणजे थोरले दीर. त्यांच्याशी त्या थेट बोलत नसत. चहा झाला आहे हेही त्यांनी मलाच सांगितलं, नाना समोर असताना.

कॅसेट लागली आणि नानांचा आवाज बदलला. चंद्राची माती म्हणजे चाळलेली चुलीची राख. तारे म्हणजे काळ्या कापडाला टोचलेली भोकं, मागे दिवे. घुमट प्लास्टरचे. त्यांनी आणि धाकट्या मधुकरने पावसाळाभर बसून ओतले होते. मधुकर फार नकला करायचा म्हणे. नटीला पृथ्वीची आठवण येते त्या प्रसंगात तो कॅमेऱ्यामागून तिच्या आईच्या आवाजात जेवायला बोलवायचा. आतून सुमनबाई हलकेच हसल्या. मधुकर त्याच सिनेमाच्या वेळी स्फोटासाठी भरलेली दारू उडून भाजला आणि गेला, एवढं मला मुंबईत कळलं होतं.

चंद्रनगरीच्या नाशाआधी नानांनी टेप थांबवली. पुढे काही विशेष नाही, म्हणाले.

मी त्याच दृश्यासाठी आले होते. शत्रूचं यान सिनेमात कधीच दिसत नाही. फक्त त्याची प्रचंड सावली घुमटांवरून सरकत येते आणि पुढच्या क्षणी पडदा पांढरा होतो. एवढी सुंदर युक्ती मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिली नव्हती.

“पण सावली राहिली,” मी म्हणाले. “ती कशी घेतलीत?”

नाना चहाचं विचारू लागले. आतली कात्री थांबली. कसली सावली, असं सुमनबाईंनी मला विचारलं आणि मी सांगून टाकलं, हाताने दाखवूनसुद्धा.

त्यांनी कात्री खाली ठेवली. मग मलाच म्हणाल्या, “इचार त्यास्ले, कॅमेरा चालू व्हता का?” (त्यांना विचार, कॅमेरा चालू होता का?)

नाना दोन हातांवर होते, त्यांना ऐकू आलंच होतं. तरी मी विचारलं. ते खोकू लागले. त्या दिवशीची फिल्म जळाली, असं सुमनबाईंना इतकी वर्षं सांगितलेलं होतं.

सुमनबाईंनी मला टेप लावायला सांगितली. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, म्हणून मी बटण दाबलं. सावली आली. दारूची वात पेटली नाही म्हणून मधुकर बघायला धावला होता आणि मोठे दिवे त्याच्या पाठीमागे होते, एवढं सुमनबाईंनी तेव्हा ऐकलं होतं, ते त्यांनी मला सांगितलं. आता ते माहीत असल्यामुळे खांदे दिसत होते, वाकलेलं डोकं दिसत होतं. मग पांढरं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, मी पुन्हा लावलं.

मग त्या उठून बाहेरच्या खोलीत आल्या. पदर खांद्यावर आला होता, तो त्यांनी सावरला नाही. नानांच्या तोंडाकडे बघत विचारलं, “हाई कोनी ठेवं?” (हे कोणी ठेवलं?)

“दुसरं शहर नव्हतं,” नाना म्हणाले. “पुन्हा बांधायचं म्हणजे सिनेमा बंद पडला असता. दिग्दर्शकाने मला विचारलं, ठेवायचं का. मी हो म्हणालो.” आणि जरा थांबून, “शॉट चांगला आला होता.”

सुमनबाई माझ्याकडे वळल्या. “त्यास्नं नाव लिख.” (त्यांचं, म्हणजे मधुकरचं, नाव लिही.)

“नको, ताई,” नाना म्हणाले.

थोड्या वेळाने माझ्यापुढे ताट आलं, कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि शेवभाजी. एकच ताट आलं. नाना भिंतीला टेकून बसून होते. मी मान खाली घालून सगळं संपवलं, कारण नको म्हणायला मला जमलं नाही. कॅसेट सुमनबाईंनी ठेवून घेतली.

स्टेशनवर सोडायला नाना आले. वाटेत मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी हात हलवून थांबवलं. गाडी लागली तेव्हा ते बाकावर बसले आणि एखादा रस्ता विचारावा तसं म्हणाले, “आता घरी जायचं कसं, ताई?”

गाडी हलली तरी ते बसूनच होते.

परत आल्यावर बरेच दिवस मी तो लेख लिहिला नाही. दोघांपैकी कुणाचं ऐकायचं हे ठरत नव्हतं. शेवटी लिहिला. ती सावली यानाची नाही हे लिहिलं आणि नाव घातलं. त्यात मधुकरला न्याय वगैरे मिळाला असं मला वाटत नाही. सुमनबाईंनी मागितलेली तेवढी एकच गोष्ट मला देता येण्याजोगी होती.

अंक सुरतेला पाठवला. पत्ता तोच घातला. त्या घरात आता दोघांपैकी कोण राहतं, मला माहीत नाही.