अहिरेनानांची कात्री

"अहिरेनाना? फार भांडखोर माणूस!" असं सातपूरच्या जुन्या लोकांपैकी कुणी आजही म्हणालं की माझं टाळकं सरकतं. भांडखोर म्हणे! अख्ख्या कारखान्यात एकटाच माणूस भांडत होता, तेव्हा बाकीचे काय करत होते, हे कुणी विचारत नाही.

आमच्याकडे ट्रकच्या ब्रेकचे होज बनायचे. रबरी नळी, तिच्यावर दोऱ्याची घट्ट वीण, वरून पुन्हा रबर आणि दोन्ही टोकांना दाबून बसवलेली लोखंडी टोपणं. नाना मालेगावच्या यंत्रमागांवरून आलेले, म्हणून आधी वीण घालायच्या मशीनवर होते. पुढे जोडणीही त्यांच्याकडे आली. खराब होज सापडला की पत्र्याच्या कात्रीने ते त्याचे दोन तुकडे करत आणि करणाऱ्याच्याच हातात ठेवत. "ने घरी. बायकोला दाखव, आज काय कमावलं ते." मी तपासनीस म्हणून लागलो तेव्हा मी पास केलेल्या पहिल्याच होजचे तुकडे माझ्या टेबलावर आले होते. आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही.

त्यांची पद्धत साधी होती. नळी टोपणात जिथपर्यंत जायला हवी, तिथे ते नळीवर पिवळ्या खडूने रेघ मारायचे. टोपण दाबल्यावरही रेघ दिसली, तर नळी पुरती आत गेलेली नाही. असा होज चाचणीत टिकतो, पण घाटात तापला की निसटतो. "मागावरचं कापड फाटलं तर माणूस उघडा पडतो," नाना म्हणायचे. "हे फाटलं तर माणूसच उरत नाही, भाऊ."

एका मार्चअखेरीला नाना नात्यातल्या एका लग्नासाठी दोन दिवस गावी गेले. तेवढ्यात मॅनेजरने घाई लावली. नानांनी रेघा मारून ठेवलेल्या नळ्या अर्धवट खुपसून टोपणं दाबली गेली आणि तीन खोकीभर मालावर पिवळ्या रेघा तशाच राहिल्या. मॅनेजर हुशार! त्याने रॉकेलच्या फडक्याने रेघा पुसायला लावल्या. आणि मी, पगारी तपासनीस, मान खाली घालून ओ.के.चे शिक्के मारत बसलो.

नाना आले आणि खोक्यापाशी थबकले. "रबराला रॉकेलचा वास कसा?" त्यांनी एक होज कापून आत पाहिलं आणि संतापात थेट अहिराणीवर आले, "हाई काय शे? माले येडा समजतस का?"

"नाना, चाचणीत पास झालेला माल आहे," मॅनेजर म्हणाला.

"मग तुमच्या गाडीला लावा! पोरंबाळं बसवा आणि कसारा उतरून दाखवा!"

आणि त्यांची कात्री चालू झाली. दोन खोकी संपली. तिसऱ्याला हात घातला तेव्हा वॉचमनांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

चौकशीत एकच प्रश्न महत्त्वाचा होता आणि तो मला विचारला गेला: माल खराब होता का? नाना माझ्याकडे बघत होते. "निश्चित सांगता येणार नाही," मी म्हणालो. माझं तोंड कुणी शिवलं नव्हतं. घरी बायको होती, तान्ही मुलगी होती, पण म्हणून काय झालं? नानांनाही घर होतंच. कंपनीच्या मालाची नासधूस केली म्हणून त्यांना काढून टाकलं, आणि पन्नाशीतला तो माणूस पुन्हा मालेगावला मागावर गेला.

हिशेब घ्यायला आले त्या दिवशी ते गेटवर भेटले. आता शिव्या बसणार म्हणून मी तयार होतो. खरं तर मला त्या हव्याच होत्या. त्यांनी नोकरीचा विषयही काढला नाही.

"भाऊ, ते तिसरं खोकं कुठं गेलं?"

"माहीत नाही, नाना," मी म्हणालो.

मला माहीत होतं. नानांना बाहेर काढलं त्याच संध्याकाळी ते गिऱ्हाइकाकडे रवाना झालं होतं, आणि चलनावर सही माझी होती.