अक्काची दुपारची रिंग

आधी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे म्हातारी फार शहाणपणा करतेय असं तुम्हाला वाटणार नाही. लग्न होऊन खामगावला आले तेव्हा सासरी नवाकोरा काळा फोन होता. सासूबाईंसाठी कोणाचा फोन आला की मी पदर सावरून अदबीनं म्हणायची, "थांबा हं, बोलावते" — आणि रिसीव्हर नीट जागेवर ठेवून त्यांना हाक मारायला जायची. त्या लगबगीनं येऊन बघतात तर फोन मुका. हे एकदा नाही, कितीतरी वेळा झालं. वर मीच म्हणायची, लोकांना जरासुद्धा दम धरवत नाही. आणि ही बाई पुढे शाळेत विज्ञान शिकवायला लागली, बोला आता.

भुताखेतांना आमच्या घरात कधीच थारा नव्हता. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा आमच्याकडे नुसत्या भिंतीवर टांगलेल्या नाहीत... कोणी अंगारा-धुपारा म्हटलं की सासरे भरल्या ताटावरून उठायचे. त्यामुळे असल्या भुताटकीच्या सदरात मी लिहितेय हे त्यांना कळू नये एवढीच इच्छा.

तर, माझा मुलगा संदीप पुण्याच्या कंपनीचं काम इथूनच करतो. त्यानं हॉलमध्ये इंटरनेटवर चालणारा फोन बसवला. टीव्हीच्या वर राउटर, बाजूला फोन, त्याच्या छोट्या पडद्यावर कोणाचा कॉल आहे ते दिसतं. माझा मोबाइल कायम उशीखाली नाहीतर पिठाच्या डब्यावर सापडतो, म्हणून माझ्या बहिणीलाही हाच नंबर दिला होता.

बहीण म्हणजे अक्का. माझ्यापेक्षा मोठी, धामणगाव बढेला एकटी राहते. मूलबाळ नाही, भाऊजी गेले. मी म्हणायची, खामगावला ये. ती म्हणायची, नाही. बोललो की भांडण ठरलेलं, म्हणून आम्ही बोलणंच कमी केलं होतं. दुपारचं जेवण झालं की तिनं एक रिंग द्यायची आणि फोन कापायचा. मी उचलायचा नाही. रिंग आली म्हणजे अक्का बरी आहे. नाही आली, तर मी त्याच दिवशी निघायचं. आता बोलणं जवळजवळ फुकट आहे, पण आमचा हा जुना रिवाज काही सुटला नाही.

शेवटचं भांडण उन्हाळ्यात झालं. मी म्हटलं, "एखाद्या दिवशी न्हाणीत पडशील अन् कोणाला पत्ता लागायचा नाही."

"पडली त पडली," अक्का म्हणाली. "तुह्या घरी पडून राहण्यापरीस माह्या घरी पडीन."

त्यानंतर फक्त रिंग.

याच सुमारास फोनला ते वेड लागलं. कधीही वाजायचा. पडद्यावर कधी १००, कधी १००१. असले कुठले नंबर? उचलला की पलीकडे काहीच नाही... श्वाससुद्धा नाही. आणि लवकर थांबायचाही नाही, उचलेपर्यंत वाजत राहायचा. आधी मी शिस्तीत "हॅलो, कोण?" म्हणायची. मग "कोन हाय बे?" वर आले. शेवटी तर त्या मुक्या माणसाला मी प्रकाश-संश्लेषण शिकवायला घेतलं. सून म्हणाली, "आई, वर्ग भरवायची हौस अजून गेली नाही तुमची." पण खरं सांगू? मनात कुठेतरी धाकधूक होती.

संदीप हसला. "आई, भूतबीत नाही. जगात कुठल्यातरी मशिनी इंटरनेटवर दारं ठोठावत फिरतात. आपला फोन सापडला की वाजवतात. एक सेटिंग करावं लागेल, की आपल्या फोन कंपनीच्या सर्व्हरकडून आला तरच कॉल घे, बाकी कोणाचाही घेऊ नको."

"मग कर की."

"करतो ना." 'करतो ना' म्हणजे आमच्याकडे किमान पंधरवडा.

शेवटी एका शनिवारी सकाळी तो बसला आणि त्यानं ते सेटिंग केलं. खरे कॉल येतात का, हे स्वतःच्या मोबाइलवरून लावून तपासलं. छान वाजला. त्यानंतर घर गप्प.

दुपारची जेवणं झाली. मी हॉलमध्ये येऊन बसले. रिंग नाही. म्हटलं, आज उशिरा जेवली असेल. ओटा पुसला, परत आले. कपड्यांच्या घड्या केल्या, परत मोडून पुन्हा केल्या. फोनचा रिसीव्हर उचलून आवाज ऐकला... चालू होता. अक्काचा मोबाइल लावला तर बंद. मी आपली हॉलपासून गेटपर्यंत येरझाऱ्या घालत होते.

"संदीप, गाडी काढ."

"अगं, चार्जिंग संपलं असेल."

"गाडी काढ म्हटलं ना."

नांदुरा, मोताळा करत पोचेपर्यंत ऊन कललं होतं. दार नुसतं लोटलेलं. अक्का खाटेवर, एक पाय उशीवर, घोटा हा एवढा सुजून काळानिळा. माझ्याकडे बघून तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आली का आता, मयताले?"

"अक्का, कधी पडलीस?"

"सोमवारी सकाळी. न्हाणीत. मोबाइल बादलीत पडला." तिनं कोपऱ्यातल्या तांदळाच्या डब्याकडे हात केला. "त्याच्यात ठेवला सुकाले. शेजारची म्हणे, मी लावतो खामगावले फोन. म्या म्हटलं, नको लावू. रिंग नाही गेली त माही बहीन येते का नाही, मले पाहाचं हाय." एवढं बोलून ती माझ्याकडे वळली. "रोज दाराकडे पाहून राह्यली मी. काऊन नाही आली वं?"

मी खाटेच्या पायथ्याशी बसले ती बसलेच. कारण रिंग आली होती. सोमवारी, मंगळवारी... शुक्रवारपर्यंत रोज. जेवणाच्याच वेळेला, एकच रिंग, आणि कापलेली. पडद्यावर १००१ नव्हे, 'अक्का'. चष्मा डोळ्यावर होता. गुरुवारी तर सून टेबल पुसत होती, ती म्हणाली, "आली बघा अक्कांची हजेरी."

संदीपनं डबा उघडला. मोबाइल तांदळात खोल गेलेला, आत पाणी जमलेलं. सिम त्यातच.

पुढे घोट्याला प्लास्टर लागलं. अक्काला आम्ही खामगावला आणलं. तिनं फार विरोध केला नाही याचीच मला भीती वाटली. संदीपनं सगळं पुन्हा तपासलं. तो म्हणतो, त्या आठवड्यातल्या रिंगा सर्व्हरकडून आल्याच नव्हत्या, त्या भुरट्या कॉलच्याच वाटेनं आल्या, म्हणून तर शनिवारी बंद झाल्या. दुसऱ्याचा नंबर दाखवून कॉल करता येतो, असंही म्हणतो. असेल. पण जगाच्या पाठीवरच्या कुठल्या मशीनला अक्काचा नंबर माहीत? ती किती वाजता जेवते हे माहीत? एकाच रिंगवर कापायचं हे कोणी सांगितलं? यावर तो म्हणतो, "योगायोग." विज्ञानाच्या तासाला कोणी मला असं उत्तर दिलं असतं तर मी बाकावर उभं केलं असतं.

आणि मला त्याहून छळतं ते वेगळंच. ते जे काही होतं, ते मला ती बरी आहे असं सांगत होतं... ती बरी नसताना. धीर देत होतं की मला तिच्यापासून लांब ठेवत होतं? या फोनला मी अजून पाठ करून बसत नाही.

अक्काला मी हे सगळं सांगितलं, पहिल्या रिंगपासून शेवटच्यापर्यंत. मी मुद्दाम आले नाही असं नव्हतं, हे तिला पटायला हवं होतं. तिनं चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाली,

"पाह्य, मी मेल्यावर रिंग आली त उचलू नको. बरी हाय, असं समजजो."